शिक्क्याचा गुन्हा : रशियातील 'मेमोरियल' संस्थेच्या बरखास्तीचे प्रकरण

28 डिसेंबर 2021 रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'इंटरनॅशनल मेमोरियल' ही सोव्हिएत दडपशाहीच्या बळींची नोंद ठेवणारी संस्था बरखास्त करण्याचा आदेश दिला आणि दुसऱ्याच दिवशी मॉस्को शहर न्यायालयाने तिची भगिनी संस्था असलेल्या 'मेमोरियल मानवाधिकार केंद्रा'चाही तसाच निकाल लावला. सर्वोच्च न्यायालयातील दाव्याचा गाभा पाहिला तर आश्चर्य वाटते. संस्थेने आपल्या काही प्रकाशनांवर आणि समाजमाध्यमांवरील खात्यांवर 'परकीय हस्तक' हा कायद्याने सक्तीचा केलेला शिक्का छापला नाही आणि असे वारंवार घडले, हा मुख्य आरोप होता. अफरातफर, हेरगिरी, हिंसा यांपैकी कशाचाही त्यात समावेश नव्हता.

शिक्का हे केवळ निमित्त होते, हे मॉस्कोतल्या शेंबड्या पोरालाही कळत होते. अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न त्यापुढचा आहे : निमित्त म्हणून नेमके हेच का निवडले गेले? माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. मेमोरियलने तीन दशके जे काम केले, त्याच्या खरेखोटेपणावर न्यायालयात वाद घालण्याची वेळ आली असती, तर सरकारला स्वतःच्याच दप्तरखान्यातील कागदांशी भांडावे लागले असते. शिक्क्याच्या आरोपात ती अडचण नव्हती.

नावे गोळा करणारी संस्था

मेमोरियलची सुरुवात 1987 मध्ये, गोर्बाचेव्ह यांच्या पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे सुधारणांच्या काळात झाली. स्टालिनकालीन दडपशाहीला बळी पडलेल्यांचे स्मारक व्हावे, यासाठी काही तरुण मॉस्कोच्या रस्त्यांवर सह्या गोळा करू लागले. जानेवारी 1989 मध्ये संस्थापना परिषद भरली आणि अणुशास्त्रज्ञ व असंतुष्टांचे अध्वर्यू आंद्रेई साखारोव्ह हे पहिले मानद अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. 30 ऑक्टोबर 1990 रोजी श्वेत समुद्रातील सोलोव्हेत्स्की बेटांवरून, म्हणजे जिथे सोव्हिएत छावणीव्यवस्थेचा पहिला मोठा प्रयोग झाला त्या जागेवरून आणलेली एक शिळा केजीबीच्या मुख्यालयासमोर लुब्यांका चौकात बसवण्यात आली. ऑक्टोबर 1991 मध्ये बळींच्या पुनर्वसनाचा कायदा झाला, त्याच्या घडणीतही मेमोरियलच्या माणसांचा हात होता.

पुढे कामाच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा इतिहासाची : दप्तरखाने, ग्रंथालय, संग्रहालय, शाळकरी मुलांसाठी विसाव्या शतकातील माणसांच्या आयुष्यावर निबंधस्पर्धा आणि बळींची नामावली. या नामावलीत 30 लाखांहून अधिक नावे नोंदली गेली. प्रमाण ध्यानात यावे म्हणून सांगतो, एकट्या 1937-38 च्या महादहशतीत सुमारे 17 लाख लोकांना राजकीय आरोपांखाली अटक झाली आणि त्यांपैकी किमान सात लाखांना गोळ्या घालण्यात आल्या. दुसरी शाखा वर्तमानाची होती. चेचन्यातील अपहरणे आणि छळ यांची नोंद ठेवणे, निर्वासितांना कायदेशीर मदत करणे आणि आजच्या राजकीय कैद्यांची यादी प्रसिद्ध करणे हे काम मानवाधिकार केंद्र करीत असे.

2007 पासून दरवर्षी 29 ऑक्टोबरला लुब्यांका चौकातील शिळेपाशी नावे वाचण्याचा कार्यक्रम होई. सकाळी दहा ते रात्री दहा लोक रांगेत उभे राहत. हाती आलेल्या चिठ्ठीवरची नावे ध्वनिक्षेपकावर वाचायची : नाव, वय, व्यवसाय आणि गोळी घातल्याची तारीख. कारकून, कुलूपकार, गवंडी, शाळामास्तर, पाद्री. काही जण चिठ्ठी वाचून झाल्यावर थांबत आणि 'माझे आजोबा' म्हणून आणखी एक नाव घेत. बारा तास हे वाचन चाले आणि तरीही एकट्या मॉस्को शहरात मारल्या गेलेल्यांची यादी वर्षानुवर्षे संपत नसे.

बळींची नावे घेणे एक वेळ सत्तेला चालते. पुतिन यांनी स्वतः 2017 मध्ये मॉस्कोत 'शोकाची भिंत' या स्मारकाचे उद्घाटन केले होते. मारेकऱ्यांची नावे घेतली की मामला बिघडतो. नोव्हेंबर 2016 मध्ये मेमोरियलने 1935 ते 1939 या काळात एनकेव्हीडी या गुप्त पोलीस दलात काम केलेल्या सुमारे 40 हजार अधिकाऱ्यांची सूची लोकांपुढे ठेवली. दडपशाही ही वादळासारखी आभाळातून कोसळलेली आपत्ती नव्हती, ती पगार, बढती आणि पदके घेणाऱ्या माणसांनी केली होती, हे त्या सूचीने कोणतेही भाष्य न करता सांगितले. त्या दलाचा वारसा अभिमानाने सांगणारी यंत्रणा आज सत्तेत आहे.

कायदा आणि त्याची बांधणी

जुलै 2012 मध्ये, पुतिन तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर काही आठवड्यांतच, 'परकीय हस्तक' कायदा झाला. परदेशातून पैसा घेणाऱ्या आणि 'राजकीय कृती' करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनी स्वतःहून नोंदणी करावी, असे त्यात होते. किती पैसा, याला खालची मर्यादा नव्हती आणि राजकीय कृती म्हणजे काय, याची व्याख्या इतकी सैल होती की सार्वजनिक धोरणाविषयी काहीही बोलणे तीत बसावे. कायदा अमलात आला त्याच सुमारास, नोव्हेंबर 2012 मध्ये, मेमोरियलच्या मॉस्कोतील कार्यालयाच्या भिंतीवर रात्रीतून कोणीतरी 'परकीय हस्तक' असे रंगवून पुढे हृदयाचे चिन्ह आणि अमेरिकेचे नाव काढून ठेवले.

जवळजवळ कोणीही स्वतःहून नोंदणी केली नाही. तेव्हा 2014 मध्ये दुरुस्ती करून संस्थेला परस्पर यादीत घालण्याचा अधिकार न्याय मंत्रालयाला देण्यात आला. मानवाधिकार केंद्र त्याच वर्षी यादीत गेले, तर इंटरनॅशनल मेमोरियल ऑक्टोबर 2016 मध्ये. एकदा यादीत गेले की प्रत्येक पुस्तक, पत्रक, संकेतस्थळ आणि खाते यांवर शिक्का छापणे बंधनकारक होते आणि तो एका ठिकाणी राहिला तरी संस्थेला तीन ते पाच लाख रूबल दंड होऊ शकत होता. 2019 च्या हिवाळ्यापूर्वी इंगुशेतिया प्रांतातील एफएसबी या सुरक्षा यंत्रणेच्या तक्रारींवरून दंडांची झड लागली. यूट्यूब वाहिनीचा वेगळा, इन्स्टाग्रामचा वेगळा, संस्थेचा वेगळा आणि अध्यक्षांचा वेगळा. संस्थेने लोकांकडून वर्गणी गोळा करून ते भरले आणि राहिलेल्या जागी शिक्के लावले. दोन वर्षांनी हेच भरलेले दंड 'वारंवार आणि गंभीर उल्लंघना'चा पुरावा म्हणून पुन्हा न्यायालयात उभे राहिले.

कायद्याची ही बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. चूक होणार हे गृहीत धरूनच नियम लिहिलेला असतो, चुका साठू दिल्या जातात आणि योग्य वेळ आली की त्यांची मोळी बांधून संस्थेच्या डोक्यावर घातली जाते. रशियन अधिकारी या कायद्याच्या समर्थनार्थ अमेरिकेच्या 1938 च्या परकीय हस्तक नोंदणी कायद्याचा दाखला देत आले आहेत. तो दाखला लंगडा आहे, कारण अमेरिकी कायद्यात परकीय मालकाच्या सांगण्यावरून किंवा नियंत्रणाखाली काम करणे दाखवावे लागते, रशियात नुसते अनुदान पुरले. भारतीय वाचकाला इथे आपला परकीय देणगी नियमन कायदा आठवणे स्वाभाविक आहे. तोही संस्थांना जाचक ठरल्याची तक्रार आहेच, पण त्याचे काम पैशाची वाट अडवण्याचे आहे. रशियन कायदा पैसा येऊ देत होता आणि तो घेणाऱ्याच्या कपाळावर डाग देत होता.

2021

दाव्यापूर्वीचे वातावरण समजून घेण्यासाठी 14 ऑक्टोबर 2021 ची एक संध्याकाळ पुरेशी आहे. मेमोरियलच्या सभागृहात युक्रेनमधील 1932-33 च्या कृत्रिम दुष्काळावरचा एक चित्रपट दाखवला जात होता. तोंड झाकलेले काही डझन तरुण घोषणा देत आत घुसले. पोलीस आले, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावे तसे त्यांनी प्रेक्षकांनाच कोंडून धरले. इमारतीच्या दाराच्या मुठी आतून बेड्यांनी एकमेकींना जखडण्यात आल्या आणि आत बसलेल्यांच्या चौकशा रात्री उशिरापर्यंत चालल्या. त्या बेड्यांची छायाचित्रे तेव्हा सर्वत्र फिरली.

11 नोव्हेंबरला दावे दाखल झाल्याची बातमी आली. 9 डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या मानवाधिकार परिषदेच्या बैठकीत पुतिन यांनी एक मुद्दा मांडला, आणि तो झटकून टाकण्यासारखा नव्हता. मेमोरियलच्या बळींच्या यादीत नाझींना साथ देऊन ज्यूंच्या हत्याकांडात भाग घेतलेल्या लाटव्हियातील काही जणांची नावे होती. एका इस्रायली इतिहासकाराने ही गोष्ट आधीच दाखवून दिली होती, संस्थेने चूक मान्य करून ती नावे काढली होती. 30 लाख नोंदी अनेक प्रादेशिक स्मृतिग्रंथांतून एकत्र केल्यावर अशा नोंदी शिरणे शक्य असते, तरीही ज्यूंच्या मारेकऱ्याचे नाव बळींच्या यादीत असणे ही क्षुल्लक चूक म्हणता येत नाही. मात्र चूक दुरुस्त झाल्यानंतर तिच्या आधारावर सगळी यादीच नाझींची वकिली ठरवणे हा कांगावा झाला.

सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आल्ला नाझारोव्हा यांच्यापुढे सुनावणी झाली. हेन्री रेझ्निक, मारिया एइस्मोन्त आदी वकिलांनी प्रमाणशीरतेचा मुद्दा लावून धरला : ज्या चुकांचे दंड भरून झाले, ज्या दुरुस्त केल्या, त्यांपायी तीस वर्षांची संस्था मारून टाकणे कोणत्या तत्त्वात बसते? इथपर्यंत खटला शिक्क्याभोवतीच फिरत होता. मग समारोपाच्या भाषणात सरकारी वकील अलेक्सेई झाफ्यारोव्ह यांनी पडदा बाजूला सारला. मेमोरियल सोव्हिएत संघाची दहशतवादी राज्य अशी खोटी प्रतिमा उभी करते आणि नाझी गुन्हेगारांना निर्दोष ठरवते, असे ते म्हणाले. आम्ही विजेत्यांचे वंशज आहोत, गौरवशाली भूतकाळाचा अभिमान बाळगण्याऐवजी आम्ही पश्चात्ताप का करायचा, असा त्यांचा सवाल होता. बहुधा त्यासाठी कोणीतरी पैसे मोजत असावे, हे उत्तरही त्यांनीच दिले. या विधानांचा शिक्क्याशी काडीचा संबंध नव्हता, पण सरकारच्या मनात काय आहे हे सांगायला त्यांच्याइतका अधिकृत साक्षीदार दुसरा मिळाला नसता. निकाल जाहीर होताच न्यायालयात 'शरम!' अशा आरोळ्या उठल्या.

शेजाऱ्यांशी असलेला धागा

हे सगळे रशियाचे घरगुती प्रकरण आहे, असे वाटू शकते. तसे ते नाही. स्टालिनच्या बळींची कबरस्थाने खणायला घेतली की तिथे युक्रेनी, पोल, फिन, लाटव्हियन, लिथुआनियन सगळेच सापडतात, आणि मग शेजारी देशांशी आजचे नाते काय हा प्रश्न त्या खड्ड्यांपर्यंत जाऊन पोहोचतो.

वायव्य रशियातल्या कारेलियातील संदरमोखचे जंगल हे याचे उत्तम उदाहरण. जुलै 1997 मध्ये मेमोरियलचे वेनिआमिन योफे, इरिना फ्लिगे आणि कारेलियातील संशोधक युरी द्मित्रियेव्ह यांनी तेथील सामूहिक कबरी शोधून काढल्या. 1937 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोलोव्हेत्स्की छावणीतून आणलेले 1,111 कैदी इथे काही दिवसांत मारले गेले. त्यांत नाट्यदिग्दर्शक लेस कुर्बास आणि कवी मिकोला झेरोव्ह यांच्यासह युक्रेनी साहित्य-कलेची एक अख्खी पिढी होती. द्मित्रियेव्ह यांनी एकूण सहा हजारांवर बळींची नावे शोधली, आणि दरवर्षी 5 ऑगस्टला वेगवेगळ्या देशांतील लोक तिथे जमू लागले. पुढे रशियन लष्करी इतिहास संस्थेने 2018 मध्ये तिथे खोदकाम केले आणि काही सांगाडे फिन्निश सैन्याने मारलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांचे असावेत, असा सिद्धान्त पुढे आणला. म्हणजे मारेकरी एनकेव्हीडीचा न राहता शेजारी देशाचा सैनिक व्हावा. द्मित्रियेव्ह यांना डिसेंबर 2016 मध्येच दत्तक मुलीसंदर्भातील आरोपांखाली अटक झाली होती. ते आरोप त्यांनी सतत नाकारले, खालच्या न्यायालयाने एकदा मुख्य आरोपातून त्यांची सुटकाही केली, पण प्रत्येक फेरसुनावणीत शिक्षा वाढत गेली. ती 15 वर्षांवर नेणारा निकाल 27 डिसेंबर 2021 रोजी आला, मेमोरियलच्या निकालाच्या आदल्या दिवशी.

पोलंडच्या बाबतीतही हेच. 1940 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पोलिश कैद्यांच्या केलेल्या कातीन हत्याकांडाचा तपास 2004 मध्ये बंद करण्याच्या निर्णयाची गुप्तता उठावी म्हणून मेमोरियल न्यायालयात झगडले. कालिनिन, म्हणजे आजच्या त्वेर शहरात मारून मेदनोये येथे पुरलेल्या सहा हजारांहून अधिक पोलिश कैद्यांची चरित्रे संस्थेने ग्रंथरूपात छापली. मे 2020 मध्ये त्वेरमधील ज्या इमारतीत या हत्या झाल्या तिच्या भिंतीवरचे स्मृतिफलक काढून टाकण्यात आले.

क्रीमियाचा धागा तर थेट दुसऱ्या खटल्यात गुंफलेला आहे. मानवाधिकार केंद्राच्या राजकीय कैद्यांच्या यादीत 2021 मध्ये चारशेहून अधिक नावे होती. त्यांत 'हिज्ब उत-तहरीर' या इस्लामी संघटनेचे सदस्य असल्याच्या आरोपावरून शिक्षा झालेले अनेक क्रीमियन तातार होते. या संघटनेवर रशियाने 2003 मध्ये दहशतवादी म्हणून बंदी घातली, युक्रेनमध्ये मात्र ती बेकायदेशीर नव्हती. 2014 मध्ये क्रीमिया रशियाने घशात घातल्यावर तेथील माणसांनी घर न सोडताही त्यांचा कायदा बदलला. केंद्राने या संघटनेच्या विचारांची तरफदारी केली नव्हती, प्रत्यक्ष हिंसेचा पुरावा नसताना केवळ सदस्यत्वावरून लांब मुदतीची शिक्षा देणे गैर आहे, एवढेच म्हटले होते. मॉस्कोच्या सरकारी वकिलांनी त्याला 'दहशतवादाचे समर्थन' म्हटले आणि न्यायालयाने ते मानले.

निकालानंतर

24 फेब्रुवारी 2022 ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि चार दिवसांनी, 28 फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने इंटरनॅशनल मेमोरियलचे अपील फेटाळले. 16 मार्चला युरोप परिषदेतून रशियाची हकालपट्टी झाली. या परिषदेच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 14 जून 2022 रोजी मेमोरियलसह अनेक संस्थांच्या अर्जांवर 'परकीय हस्तक' कायदा संघटनस्वातंत्र्याचा भंग करतो असा निकाल दिला, पण 15 मार्चनंतरचे निकाल पाळायचे नाहीत असा कायदा रशियाने तोवर करून ठेवला होता. वरातीमागून घोडे, दुसरे काय!

7 ऑक्टोबर 2022 रोजी शांततेचे नोबेल पारितोषिक मेमोरियल, बेलारूसचे तेव्हा तुरुंगात असलेले कार्यकर्ते आलेस बियालियात्स्की आणि युक्रेनचे 'सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज' यांना विभागून मिळाले. पुतिन यांचा तो सत्तरावा वाढदिवस होता. त्याच दिवशी मॉस्कोच्या एका न्यायालयाने मेमोरियलची कारेत्नी र्याद रस्त्यावरील वास्तू सरकारजमा केली. युक्रेनमधील काहींना हे वाटून दिलेले पारितोषिक खटकले. ज्या दोन देशांच्या भूमीवरून आपल्यावर हल्ला झाला, त्यांच्या नागरिकांच्या पंगतीला आपल्याला का बसवता, असा त्यांचा राग होता, आणि बॉम्ब पडत असताना तो समजण्यासारखा होता. तरीही समितीची निवड मला चुकीची वाटत नाही. या तिन्ही ठिकाणची माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या कामाला धरून होती.

मार्च 2023 मध्ये मेमोरियलच्या माणसांच्या घरांवर छापे पडले, आणि त्यासाठी कारण दाखवले गेले ते यादीतल्या त्याच नाझी सहकाऱ्यांचे. मेमोरियलचे ज्येष्ठ कार्यकर्ते ओलेग ऑर्लोव्ह यांच्यावर सैन्याची बदनामी केल्याचा खटला भरला गेला. 1995 मध्ये बुद्योन्नोव्स्कच्या रुग्णालयात चेचेन बंडखोरांनी शेकडो लोकांना ओलीस धरले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी मानवाधिकार कार्यकर्ते सेर्गेई कोव्हाल्योव्ह यांच्याबरोबर स्वतः ओलीस म्हणून जाणारे हेच ऑर्लोव्ह. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांना दीड लाख रूबल दंड झाला. सरकारला तो पुरेसा वाटला नाही. फेरसुनावणीत, 27 फेब्रुवारी 2024 रोजी, सत्तरीतल्या या माणसाला अडीच वर्षांची कैद झाली. 1 ऑगस्ट 2024 च्या मोठ्या कैदी-अदलाबदलीत ते सुटून जर्मनीला गेले. द्मित्रियेव्ह यांचे नाव त्या यादीत नव्हते. नोव्हेंबर 2024 मध्ये अग्निसुरक्षेचे कारण सांगून मॉस्कोतील गुलाग (सोव्हिएत श्रमछावण्या) इतिहास संग्रहालयही बंद करण्यात आले.

दरम्यान कायद्याने स्वतःचे रूप बदलले. डिसेंबर 2022 पासून परदेशी पैशाचीही गरज उरली नाही, 'परकीय प्रभाव' असल्याचे मंत्रालयाला वाटले तरी पुरते. आणि कायदा सीमा ओलांडून बाहेर पडला. किर्गिझस्तानने एप्रिल 2024 मध्ये त्याच धर्तीचा कायदा केला. जॉर्जियात 2023 मध्ये 'रशियन कायदा नको' म्हणत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने विधेयक मागे घेतले, पण वर्षभराने तेच विधेयक परत आणून राष्ट्राध्यक्षा सालोमे झुराबिश्विली यांचा नकाराधिकार 28 मे 2024 रोजी मोडून काढला. बहुसंख्य संस्थांनी नोंदणी करण्यास नकार दिला. तेव्हा तिबिलिसीतील जॉर्जियन सरकारने 2025 मध्ये आणखी एक कायदा आणला, ज्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे, आणि तो अमेरिकी कायद्याचे शब्दशः भाषांतर असल्याची ग्वाही दिली.